पापड वाळेपर्यंत

पापड वाळला की नाही हे सांगायला आईला हवामान खातं लागत नसे. गच्चीवर जायची, मधला एक उचलायची आणि मोडायची. कट् वाजला तर डब्यात, नुसताच वाकला तर आणखी एक दिवस उन्हात. बदामीच्या लाल कड्याखाली मला हे आठवलं. समोरचा दगड त्याच अवस्थेत होता, पण मोडून बघायची सोय नव्हती.

म्हणजे, मोडला असता. तीच तर भीती.

हा कडा वालुकाश्माचा. पाणी मुरलं की वाळूच्या कणांची आपसातली पकड सैल होते. सह्याद्रीच्या बेसॉल्टवर वाढलेल्यांना हे पटकन पटत नाही. आमचा कातळ पाऊस अंगावर घेतो, वालुकाश्म मनाला लावून घेतो. वरून ठणठणीत, आत ओलाच. अशा वेळी चढताना दोन पेरांचा होल्ड पकडला की तो हातात येतो, तो कायमचाच. जर्मनीत एल्ब नदीकाठच्या वालुकाश्मावर ओलं असताना चढायला बंदीच आहे. तिथे चॉकही चालत नाही. हात घामेजले तर तो तुमचा खासगी प्रश्न.

आम्ही डिसेंबरात रात्रभर प्रवास करून पोचलो, तर आदल्याच संध्याकाळी अवकाळी सर येऊन गेलेली. सकाळी मात्र लख्ख ऊन. चढायला उतावीळ माणसाला प्रत्येक दगड कोरडा दिसतो. मी कडा थोपटला, मग चक्क गाल लावून बघितला. लेणी बघायला आलेल्या एका कुटुंबाने मुलांना पलीकडून नेलं.

मित्राने काही न बोलता पायथ्याची माती चार बोटं उकरली. आत चहाच्या चोथ्यासारखी ओल.

"माती ओली तर दगड ओला. चल, लेणी बघू."

तिसऱ्या लेण्यात इ.स. ५७८ चा शिलालेख आहे. चौदाशे वर्षं टिकलेल्या दगडाच्या भाऊबंदाला मी एका सकाळीत संपवणार होतो. बाहेर एक आजी ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी आणि दही विकत होत्या. मी कड्याकडे बोट करून खुणेनेच विचारलं, कधी?

"नाळे," त्या म्हणाल्या. म्हणजे उद्या. दुसऱ्या दिवशीही "नाळे"च. मी भाकरी उधार मागतोय असं बहुधा त्यांना वाटलं असावं.

या गावाचं जुनं नाव वातापी. त्याच नावाच्या राक्षसाला अगस्तींनी खाऊन जिरवला, अशी कथा. अगस्तींच्याच नावाच्या तळ्याकाठी बसून मी दोन दिवस भाकऱ्या हाणल्या. वाट बघताना दुसरं करणार काय?

तिसऱ्या सकाळी माती चिमटीतून भुरभुरली. काळपट डाग गेले होते, थोपटल्यावर दगड खणखणीत वाजला. ऊन चढायच्या आत सावलीतली भिंत गाठली. दुसऱ्या बोल्टला दोर अडकवून मी वरून जाहीर केलं, "कडक वाळलाय!" पुढच्या होल्डला हात घातला आणि सुटलो.

होल्ड जागेवरच होता. खाली दोर धरून बिले देणारा मित्र मात्र जमिनीपासून दोन फूट वर उचलला गेला होता.

"अगस्तींना जिरलं होतं रे," तो लोंबकळत म्हणाला.