अटी न वाचणारा अटीतज्ज्ञ

सेवाशर्ती, म्हणजे ऑनलाइन खेळ विकणारी कंपनी आणि खेळाडू यांच्यातील करार, अंगठ्याच्या एका फटकाऱ्यात तळापर्यंत सरकवून ‘मान्य आहे’वर टिचकी मारणारा आणि पुढे त्याच शर्तींवर उच्च न्यायालयात उभा असल्याच्या थाटात युक्तिवाद करणारा जो ग्राहक, त्याला अटीतज्ज्ञ म्हणावे. करार बदलण्याचा अधिकार कंपनीने स्वतःकडे राखल्याचे कलम त्यात बहुधा असतेच, आणि नेमके तेच त्याच्या नजरेतून निसटलेले असते. अर्थात बाकीचीही निसटलेलीच असतात.

या जमातीचे महासंमेलन मे 2024 मध्ये भरले. स्वीडनच्या ॲरोहेडने घडवलेला आणि सोनीने प्रकाशित केलेला ‘हेलडायव्हर्स 2’ हा खेळ त्याच वर्षी फेब्रुवारीत आला, आणि संगणकवाल्यांनी तो व्हॉल्व्ह कंपनीच्या स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतला. सोनीचे प्लेस्टेशन नेटवर्क खाते जोडावे लागेल, असे विक्रीच्या पानावर लिहिले होते खरे. परंतु आरंभीच्या तांत्रिक अडचणींमुळे ती पायरी ओलांडून पुढे जाण्याची मुभा मिळाली, आणि तीन महिन्यांनी सोनीने सक्तीची घोषणा केली. अर्धे जेवण झाल्यावर खानावळवाल्याने रहिवासी दाखला मागावा, तशातला हा प्रकार. त्यातही फिलिपिन्स, एस्टोनिया यांसारख्या शंभराहून अधिक देश-प्रदेशांत असे खाते उघडण्याची सोयच नव्हती, म्हणजे दाखला देणारी कचेरीच गावात नाही.

अटीतज्ज्ञ पेटून उठला. स्टीमवर अभिप्रायाशेजारी खेळलेले तास आपोआप झळकतात, त्यामुळे चारशे तास रंगून खेळलेल्या गृहस्थाने ‘शिफारस नाही’ असा शेरा मारला की त्याचे वैराग्य चारचौघांत उघडे पडते. खरेदीनंतर 14 दिवसांच्या आत आणि 2 तासांहून कमी खेळले असल्यासच पैसे परत, हा स्टीमचा सर्वसाधारण नियम त्याला त्याच आठवड्यात कळला आणि तत्काळ अन्यायकारकही वाटला. भारतातील अटीतज्ज्ञाला खाते उघडण्याची मुभा होती. तरीही फिलिपिनो बांधवांसाठी त्याचा कंठ दाटून आला, आणि स्वतःचा ईमेल पत्ता सोनीला देण्याचा आळस त्या दाटलेल्या कंठात बेमालूम मिसळून गेला.

हसू आले तरी त्याची बाजू खोटी ठरत नाही. अट छापलेली होती, हा बचाव कागदावर टिकतो. पण जिथे ती पाळणेच अशक्य, तिथेही ज्याने पैसे घेतले, त्याने ग्राहकाच्या आळसाकडे बोट दाखवणे शोभत नाही. दोन लाखांहून अधिक नकारात्मक अभिप्राय जमल्यावर, घोषणेनंतरच्या काही दिवसांतच, सोनीने सक्ती मागे घेतली आणि अनेकांनी शेरे बदलून पुन्हा शिफारस केली. ज्या देशांत खेळाची विक्री या गोंधळात बंद झाली, तिथे ती पुढे कित्येक महिने बंदच राहिली. तोवर अटीतज्ज्ञ मात्र खेळातल्या परग्रहावरील किड्यांचा नायनाट करण्यात पुन्हा गढून गेला होता.