मौजे आकाश, तालुका सिंदेवाही

शके १९४४, शुभकृत् नाम संवत्सर, चैत्र शुद्ध प्रतिपदा, म्हणजे व्यवहारी भाषेत शनिवार, २ एप्रिल २०२२, या दिवशी सायंकाळी पावणेआठच्या सुमारास, गुढ्या उतरवून झाल्या असता, पुरणपोळीची सुस्ती मात्र अद्याप उतरावयाची असता आणि प्रतिपदेची कोर आकाशात असून नसल्यासारखी असता, माळव्यातील झाबुआपासून विदर्भातील चंद्रपुरापर्यंतच्या असंख्य लोकांनी एकाच वेळी माना वर केल्या. जळणाऱ्या दिव्यांची एक माळ वायव्येकडून आग्नेयेकडे, कोणतीही घाई नसल्यासारखी, आकाश ओलांडून गेली. कोणी तिला उल्का म्हटले, कोणी क्षेपणास्त्र, कोणी परग्रहावरील पाहुण्यांची वरात. आणि दुसऱ्या दिवशी सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावी धातूचे एक प्रचंड कडे व पवनपार येथे एक काळा गोळा सापडल्याचे वृत्त आले, तेव्हा तर ज्यांनी काहीही पाहिले नव्हते त्यांनाही आपण पुष्कळ पाहिल्याचे स्मरू लागले.

या प्रकरणाची स्वतंत्र चौकशी व्हावी असे प्रथम वाटले ते आमच्या स्नेह्यांना. महसूल खात्यात अव्वल कारकून म्हणून हयात घालवून ते निवृत्त झाले असले तरी निवृत्तीचा हुकूम त्यांच्या स्वभावावर अद्याप बजावला गेलेला नाही. पंचनाम्याशिवाय कोणतीही घटना पुरती घडते, यावर त्यांचा विश्वास नाही. स्वतःच्या विवाहाचीही खातरजमा ते लग्नपत्रिकेवरून करतात, असे त्यांच्या सौभाग्यवती म्हणतात. कोऱ्या कागदांची एक चळत, दोन बॉलपेने आणि उन्हाची खबरदारी म्हणून डोक्याला गुंडाळावयाचा दुपट्टा एवढ्या सरंजामानिशी, चैत्र सरण्यापूर्वीच आम्ही नागपुराहून एस.टी.ने निघालो. जे अंतर त्या अग्निमालेने जवळपास पंधरा सेकंदांत तोडले असेल, ते तोडावयास आमच्या गाडीला अर्धा दिवस पुरणार नव्हता. परंतु त्या मालेला वाटेत थांबे नव्हते आणि साक्षीदारही उतरवून घ्यावयाचे नव्हते.

पहिला साक्षीदार उमरेडास एका पानठेल्यावर मिळाला. नाव, वय, धंदा, राहणार, ही सरबत्ती आटोपेपर्यंत त्याने तीन गिऱ्हाइकांचे खर्रे घोटून दिले आणि मग चुन्याचे बोट आग्नेयेकडे रोखून म्हणाला, “पडलं ना जी, अस्सं भिवापूरच्या बाजूले! फटफटी असती त त्याच राती आणलं असतं.”

भिवापूर हे मिरचीचे गाव. तेथे मिरच्यांची देठे खुडण्याचे काम चालले होते, आणि खुडणाऱ्या बायांपैकी एकीने साक्ष देण्याचे मान्य केले; परंतु त्या लालभडक ढिगाशेजारी बसून जबानी घेणे म्हणजे काय हे अव्वल कारकुनांना पहिल्याच वाक्यानंतर कळून चुकले. साक्षीदार अत्यंत शांतपणे बोलत होती, लेखनिक शिंकत होता. त्या जबानीची मूळ प्रत आजही पाहावयास मिळते, आणि तीत दर चार शब्दांनंतर पेनाने मारलेला जो आडवा फराटा आहे त्याचा घटनेशी काही संबंध नाही. सारांश इतकाच की, वस्तू भिवापुरात पडलेली नसून नागभीडच्या तलावामागे पडली. नागभीडला रेल्वे स्थानकाबाहेरील चहावाल्याने उदार अंतःकरणाने ती आणखी पुढे ढकलली. “आगगाडीचे दिवे लागलेले डबे जसे जातेत, तशी लाईन गेली जी. त्या झाडामागं उतरली. जरा पुढं जा, भेटते.”

येथवर आल्यावर एक गोष्ट आमच्या ध्यानात येऊ लागली. दिशेविषयी हे सर्व साक्षीदार एकमेकांचे तोंड न पाहता एकमताचे होते, इतके की सरकारी वकिलाला त्यांचा संशय यावा. आणि अंतराविषयी मात्र प्रत्येकाने ती वस्तू आपल्या वेशीच्या जेमतेम पलीकडे, दुसऱ्या कोणाच्या हद्दीत नेऊन टाकली होती. यात लबाडी मुळीच नव्हती. असले अवशेष साधारणतः ऐंशी किलोमीटरांच्या उंचीवर फुटून पेटतात. तो उजेड शेकडो किलोमीटरांच्या टापूत एकदम दिसतो, आणि काळोख्या आकाशात लांबी मोजावयास मधे झाड नाही, घर नाही, तारेचा खांब नाही. डोळा दिशा सांगतो. अंतर विचारले की तो गडबडतो आणि क्षितिजावरचे जे शेवटचे झाड दिसते त्याच्या मागे ती वस्तू ठेवून मोकळा होतो.

उल्का म्हणावे तर तिचीही चाल वेगळी. उल्का सेकंदाला अकरापासून बहात्तर किलोमीटरांपर्यंतच्या वेगाने घुसते आणि ‘ती पाहा’ म्हणेपर्यंत संपते. पृथ्वीभोवती घिरट्या घालून थकलेले यंत्र मात्र सेकंदाला आठ किलोमीटरांच्या आतबाहेर, जवळजवळ आडवे, तुकडे सांडीत, मिनिट-दीड मिनिट जात राहते. घरातील म्हाताऱ्या माणसांना हाका मारून अंगणात आणण्याइतका अवसर देते. न्यूझीलंडमधून त्याच दिवशी सुटलेल्या एका रॉकेटावर प्रथम काही मंडळींचा संशय गेला होता; परंतु अमेरिकेतील खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी, फेब्रुवारी २०२१ मध्ये चीनने उडविलेल्या ‘लाँग मार्च ३बी’ रॉकेटाचा तिसरा टप्पा तो हा, असे अनुमान काढले आणि न्यूझीलंडचा इसम निर्दोष सुटला.

सिंदेवाहीस पोलीस ठाण्यात तो मुद्देमाल ठेवलेला होता. कड्याचा व्यास सुमारे तीन मीटर, म्हणजे चिनी रॉकेटाच्या तिसऱ्या टप्प्याचा जेवढा व्यास तेवढाच; वजन चाळीस किलोंच्या आसपास. इतक्या अवाढव्य वस्तूचे इतके अल्प वजन पाहून मनाचा किंचित विरस होतो. आत भरीव असे काही नाही म्हणूनच ते वाऱ्यावर मंदावत खाली आले आणि शाबूत राहिले, हे शास्त्र समजले तरीही, आकाशातून आलेल्या पाहुण्याला दोन माणसांनी सहज उचलावे हे बरे दिसत नाही. अव्वल कारकुनांनी मुद्देमालास हात लावण्याचे कटाक्षाने टाळले, चार हातांवरून त्यास प्रदक्षिणा घातली आणि आपल्या कागदावर ‘माल कोठून आला’ या सदरापुढे, पुष्कळ विचार करून, ‘वरून’ असे लिहिले.

खरी साक्ष मिळाली ती लाडबोरीत. मोहाचा हंगाम होता. अंगणात मोहफुले वाळत पडली होती आणि त्यांच्या मादक वासात एक आजीबाई राखणीस बसल्या होत्या. गावातील तरुण मंडळींचे म्हणणे असे होते की, लाल तबकडी जळत जळत खाली आली आणि मोकळ्या जागेत आदळली. उजेड आणि आवाज यांत त्यांनी तसूभरही फट ठेवली नव्हती. आजींनी मात्र ती हकीकत शांतपणे ऐकून घेतली आणि मोहातील एक काडी वेचून बाजूला टाकीत म्हणाल्या, “उजेड पायला ना बाप्पा, मीनंबी पायला. तो गेला. मंग घरात आली, आधण ठेवलं, आधण आलं, तांदूळ वैरले, अन् मंग धडाम झालं.”

अव्वल कारकुनांनी पेन थांबविले. सबंध चौकशीत कालमापन केलेला हा पहिलाच साक्षीदार होता. तुकड्यांचा वेग हवेशी झुंजून सरला की त्यांची आगही विझते. तेथून पुढचा कित्येक किलोमीटरांचा प्रवास ते काळोखात, मुकाट्याने करतात, आणि असले हलके कडे जमिनीवर पोहोचावयास आणखी काही मिनिटे घेते. म्हणजे जेथे उजेड दिसतो तेथे काही पडत नाही, आणि जेथे पडते तेथे पडताना दिसत नाही. आठवणीने हे दोन प्रसंग एकमेकांस शिवून टाकले होते. मधला भात कोणी हिशेबात धरला नव्हता. आजींची जबानी अव्वल कारकुनांनी वाचून दाखविली, बरोबर असल्याचे त्यांच्याकडून वदवून घेतले आणि ‘वैरले’ या शब्दाखाली रेघ मारली.

विदर्भाला आकाशातून माल येण्याची सवय जुनी आहे. लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर हे काळ्या पाषाणावर झालेल्या अशाच आघाताचे फळ होय; फरक इतकाच की त्या वेळी पंच मिळण्यासारखे नव्हते. आता कायदा आहे. १९६७ च्या अंतराळ करारान्वये अशी वस्तू कोठेही पडो, मालकी ती उडविणाऱ्या राष्ट्राचीच राहते, आणि १९७२ च्या करारान्वये जमिनीवर तिने केलेल्या नुकसानीची भरपाईही त्याच राष्ट्राने द्यावयाची असते. हे कळताच आमच्या स्नेह्यांनी ‘बेवारस’ हा शब्द अत्यंत दुःखाने खोडला. १९७९ च्या जुलैत अमेरिकेची स्कायलॅब ऑस्ट्रेलियात कोसळली तेव्हा एस्परन्स येथील स्थानिक परिषदेने कचरा टाकल्याबद्दल नासाला चारशे डॉलरांचा दंड ठोठावला होता, हे मी सांगितल्यावर त्यांचा चेहरा पुन्हा खुलला. परतीच्या वाटेवर नागभीडपर्यंत ते लाडबोरी ग्रामपंचायतीतर्फे बीजिंगला पाठवावयाच्या नोटिशीचा मसुदा, ‘कसूर झाल्यास पुढील इलाज केला जाईल’ या कलमासह, रचीत होते.

भिवापुरापुढे शेजारच्या बाकावर अकोल्याचे एक गृहस्थ येऊन बसले. कोठून येता, कशासाठी गेला होता, हे ऐकून घेतल्यावर त्यांनी आमच्याकडे अशा करुणेने पाहिले की, खिशातली तिकिटे दडवावीशी वाटली. “सिंदेवाहीला कायले गेले हो? ते त आमच्या तेलगिरणीच्या मागं पडलं. मी स्वतः पाह्यलं!” अव्वल कारकुनांनी चळतीतील शेवटचा कोरा कागद काढला आणि गिरणीची मागची बाजू कोणत्या दिशेस येते, एवढेच विचारले. गृहस्थांनी हात लांब करून दिशा दाखविली. बस कुठल्या तोंडाने चालली आहे याचा हिशेब करून पाहता ती बरोबर पूर्व ठरली. मग त्यांचे नाव, वय, धंदा रीतसर टिपून घेण्यात आले, आणि कागदाच्या तळाशी शेरा पडला: दिशा मंजूर, अंतर नामंजूर.