उजव्या विंगेतला माणूस

दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेले आहेत, एवढ्या एका पात्रतेवर मी अमेरिकेतल्या रॉक अँड रोल बँडमध्ये शिरलो.

न्यू जर्सीत आमच्या शेजारी एक निवृत्त प्लंबर राहतात. सहा वर्षं आमची ओळख कुंपणावरून हात हलवण्यापुरती होती. २०१८ च्या एप्रिलमध्ये ते थेट दारात आले आणि कसलीही प्रस्तावना न करता विचारू लागले, "रात्री गाडी चालवताना समोरच्या दिव्यांभोवती वलयं दिसतात का तुम्हाला?"

"गेल्या दिवाळीपर्यंत दिसायची. आता दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालंय."

मुलगा निर्व्यसनी आहे हे कळल्यावर मुलीच्या बापाचा चेहरा होतो, तसा त्यांचा झाला.

तेव्हा कळलं की प्लंबिंग हा त्यांचा पोटाचा धंदा. मूळचे ते डबल बासवाले. १९५८ मध्ये, सतराव्या वर्षी, ते एका बँडबरोबर घर सोडून गेले होते. त्या बँडचं एक गाणं एका उन्हाळ्यात रेडिओवर वाजलं आणि त्या एका उन्हाळ्याच्या शिदोरीवर मंडळींनी साठ वर्षं काढली. आता चौघे उरले होते. बासवाले ७७, ड्रमवाले ७९, सॅक्सोफोनवाले ७५ आणि पियानो वाजवत गाणारे ७२. या शेवटच्यांना बाकीचे तिघे 'पोरगा' म्हणत. गिटारवाले वारले तेव्हापासून गिटारवाला ज्या त्या गावी उसना घ्यायचा. कार्यक्रम चौघेही झोकात करत. कार्यक्रमानंतर अंधारात गाडी चालवून घरी येणं मात्र एकालाही जमत नव्हतं.

घरात विषय काढला. बायको म्हणाली, "अहो, लोक सतराव्या वर्षी बँडबरोबर पळून जातात. तुम्ही अडुसष्टाव्या?"

"पळून ते गेले होते. मी फक्त त्यांना परत आणून सोडणार."

या संगीताशी माझी ओळख पुणतांबेमार्गे झालेली. पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी, १९५७ च्या 'आशा' चित्रपटात 'ईना मीना डीका' हे गाणं दिलं आणि आमच्या वाड्यात एका रात्रीत सगळ्या पोरांचे पाय सुटले. पहिल्याच प्रवासात मी हे गाणं व्हॅनमध्ये लावलं. ड्रमवाल्यांनी दोन मिनिटं समोरच्या सीटवर बोटांनी ताल धरला आणि विचारलं, "हा आपल्यातला कोण?" मी सांगितलं, अहमदनगर जिल्ह्यातला. ते म्हणाले, "तिकडे कधी कार्यक्रम लागला नाही आमचा."

बँडचं नाव मी सांगणार नाही. ते नक्की कुणाचं, हा वाद आहे. सॅक्सोफोनवाल्यांच्या मते त्याच नावाचे आणखी दोन बँड देशात फिरत होते आणि त्यांतल्या एकातला सर्वांत म्हातारा माणूस ४१ वर्षांचा होता. रॉक अँड रोलमध्ये ही परंपरा जुनी आहे. १९५८ मध्ये 'ड्रिफ्टर्स'च्या व्यवस्थापकाने, जॉर्ज ट्रेडवेलने, सगळेच्या सगळे गायक एका फटक्यात काढून टाकले, 'फाइव्ह क्राउन्स' नावाचा दुसराच संच उचलला आणि म्हणाला, आजपासून तुम्ही ड्रिफ्टर्स. नाटक कंपनी फुटली की आपल्याकडे निदान नावापुढे 'नूतन' तरी लावत. अखेर तिकडे अनेक राज्यांनी कायदा केला की मूळच्यांपैकी एकही माणूस नसेल, तर जुन्या बँडचं नाव असं वापरता येणार नाही. कायद्याने आमच्या बासवाल्यांना अचानक वारसावास्तूचा दर्जा आला. त्यांनी नुसतं हयात राहायचं होतं.

दौऱ्याची आखणी मूत्राशय करतं, हे मला डेलावेअरच्या पहिल्याच फेरीत समजलं. न्यू जर्सी टर्नपाइकवरच्या विश्रांतिस्थानांना थोरामोठ्यांची नावं आहेत. थॉमस एडिसन झाले, वुड्रो विल्सन झाले, शुश्रूषेसाठी गाजलेल्या क्लारा बार्टन झाल्या. मधे महाकवी वॉल्ट व्हिटमन. त्या मोसमात कवीच्या दारी आम्ही इतक्या वेळा गेलो की एवढ्या नेमाने त्याची पुस्तकंही कुणी उघडत नसेल. चौघे उतरायला सात मिनिटं, चढायला नऊ. चौघांना एकाच वेळी लागली असं कधीच झालं नाही. "मला नाही जायचं" असं ठणकावून सांगणारा पुढच्या दहा मैलांत हळूच खाकरायचा.

डबल बास मधल्या सीटवर पट्टा लावून बसायचा. अ‍ॅम्प, ड्रम, सॅक्सोफोनची पेटी मागे, आणि पायाशी गुडघ्यांचे पट्टे, उशा, गोळ्यांच्या सोम-मंगळ-बुध अशा डब्या. रॉक अँड रोलवाला चक बेरी हा या बाबतीत शहाणा माणूस. तो एक गिटार घेऊन एकटाच यायचा, पैसे आधी मोजून घ्यायचा आणि साथीला गावातला कुठलाही बँड उभा करायचा. तालीम नाही, यादी नाही. त्याची गाणी प्रत्येक वादकाला यायलाच हवीत, असा त्याचा हिशेब. १९७३ मध्ये अशी साथ करणाऱ्यांत ब्रूस स्प्रिंगस्टीन नावाचा एक होतकरू तरुणही होता. आणि एवढं वणवण फिरूनही सेंट लुईस या आपल्या गावातल्या एका रेस्टॉरंटच्या तळघरात तो ८८ वर्षांचा होईपर्यंत दर महिन्याला गायला.

जुलैतली गोष्ट. बाहेर पस्तीस अंश. व्हॅन सुरू झाली आणि मागून ड्रमवाले म्हणाले, "हीटर लावून बघा."

"हीटर?"

"चालतो की नाही एवढंच बघा. मग बंद करा."

कुणी हसलं नाही, म्हणून मीही हसलो नाही. चौघांनी घाम पुसत हीटर लागलेला पाहिला आणि मग आम्ही निघालो. कारण मला नंतर बासवाल्यांनी सांगितलं. १९५९ च्या हिवाळ्यात बडी हॉली या गायकाचा २४ दिवसांत २४ कार्यक्रमांचा दौरा होता. बसचे हीटर पुन्हा पुन्हा बंद पडत. थंडीने पाय गोठून त्याच्या ड्रमवाल्याला इस्पितळात ठेवावं लागलं. शेवटी हॉलीने एक छोटं विमान ठरवलं. लवकर पोचू, झोप काढू, कपडे धुऊन घेऊ, एवढाच विचार. ३ फेब्रुवारीला ते विमान आयोवातल्या एका शेतात पडलं. हॉली २२ वर्षांचा होता आणि आमचे ड्रमवाले तेव्हा २०. तेव्हापासून हीटर बघितल्याशिवाय ते गाडी हलू देत नाहीत, आणि दौऱ्यात शर्ट रोज रात्री हॉटेलच्या बेसिनमध्ये स्वतः धुतात.

हॉटेलात शिरल्यावर पहिली तपासणी पलंगाची. रोलिंग स्टोन्सचा ड्रमवादक चार्ली वॉट्स १९६७ पासून दौऱ्यात ज्या ज्या पलंगावर झोपला, त्याचं चित्र काढायचा. आमचेही पलंग निरखून बघत, पण चित्रासाठी नव्हे, उंचीसाठी. फार खाली असेल तर सकाळी उठवायला मी. जेवण साडेचारला. गायक फॅट्स डॉमिनो दौऱ्यावर स्वतःची भांडी नेऊन हॉटेलच्या खोलीत रांधायचा, कारण न्यू ऑर्लिन्सबाहेरचं अन्न त्याला रुचत नसे. हे ऐकल्यावर मी धीर करून छोटा राइस कुकर नेला. पोरग्याला आम्लपित्ताचा त्रास. त्याला मऊ भात, तूप आणि मेतकूट दिलं. पुढच्या गावी चार वाट्या पुढे आल्या. सेक्स आणि ड्रग्जबद्दल मी बरंच ऐकून होतो, पण या रॉक अँड रोलमध्ये पिवळी पूड पुरवणारा माणूस मी निघालो.

एवढी वणवण पैशांसाठी म्हणावी, तर पैसे कुठे होते? 'रॉक अराउंड द क्लॉक' १९५४ मध्ये ध्वनिमुद्रित झालं तेव्हा त्यातल्या गिटारच्या त्या तुफानी तुकड्याचे डॅनी सेड्रोनला २१ डॉलर मिळाले. पुढच्या वर्षी गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं. ते गाणाऱ्या बिल हेलीच्या बँडमधल्या तिघांनी पगारवाढ मागितली, ती मिळाली नाही, तिघे सोडून गेले. हेली १९८१ मध्ये वारला आणि १९८७ मध्ये हेच रुसलेले गडी पुन्हा एकत्र येऊन त्याच गाण्यावर युरोपभर फिरू लागले. माझी बिदागी कार्यक्रमामागे ४० डॉलर. सेड्रोनपेक्षा मला जास्त मिळतात हे मी घरी सांगितलं. बायको म्हणाली, "तांदूळ, तूप आणि मेतकूट वजा करा."

ड्रमवाल्यांचं गणित वेगळं होतं. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ऑक्टोबर १९६९ मध्येच 'रॉक अँड रोलचं पुनरुज्जीवन' म्हणून कार्यक्रम झाला. "मी तीस वर्षांचा होतो," ते म्हणाले, "आणि लोक म्हणाले, वा, जुने कलावंत! गेली एकोणपन्नास वर्षं मी जुनाच आहे. आता कुठे वय जुळतंय."

कार्यक्रम बहुधा दुपारी दोनला, तरी घरी परतायला अंधारच होई. श्रोते आमच्याच वयाचे. बाजूच्या मार्गिकेत वॉकर रांगेने लावलेले, देवळाबाहेरच्या चपलांसारखे. आत जाण्यापूर्वी चौघेही श्रवणयंत्रं काढून माझ्या हातात देत. एके काळी काळी चारमध्ये मारलेली आरोळी पोरगा आता पांढरी एकमध्ये मारायचा. कुणाचंही बिघडत नसे. बालगंधर्व पन्नाशी उलटल्यावरही शालू नेसून उभे राहत. माझे आजोबा म्हणत, "डोळे मिटून बघायचं." इथेही पहिल्या ठोक्याला सगळं सभागृह डोळे मिटून बघायला लागे. शेवटी सगळे उभे राहून टाळ्या वाजवत. त्यातले निम्मे कौतुकाने उठलेले असत आणि निम्मे पाय मोकळे करायला.

ऑक्टोबरात वाइल्डवूडला मोसमाचा शेवटचा कार्यक्रम होता. प्लास्टिकचे माड आणि निऑनच्या मोटेलांचं हे समुद्रकाठचं गाव. बिल हेलीने 'रॉक अराउंड द क्लॉक' लोकांपुढे पहिल्यांदा आपल्याकडेच वाजवलं, असं ते अभिमानाने सांगतं. बासवाल्यांना तिथे चेव चढला. हेलीचा बासवाला मार्शल लिटल वाजवता वाजवता बासवर स्वार व्हायचा. त्याचं बघून आमचेही १९५८ पासून शेवटच्या गाण्यात बास घेऊन जमिनीवर आडवे होत आणि झोपून वाजवत. आडवं होणं या वयातही सोपं होतं. उठण्याचा बंदोबस्त असा, की सॅक्सोफोनवाले नाचत उजवीकडून यायचे, हात द्यायचे, आणि लोकांना तो नाचाचाच भाग वाटायचा.

त्या रात्री सॅक्सोफोनवाले डावीकडून नाचत गेले ते गेलेच. श्रवणयंत्र माझ्या खिशात, त्यामुळे हाका व्यर्थ. ध्रुवपद संपलं. पोरग्याने खाली पाहिलं आणि पुन्हा धरलं. मग पुन्हा. सातव्यांदा धरलं तेव्हा लोक बेभान होऊन उभे राहिले. त्यांना वाटलं, हा वन्समोअरवर वन्समोअर चाललाय. ड्रमवाले लाल झाले होते. बासवाले छताकडे बघत शांतपणे वाजवत होते. नवव्या वेळी त्यांनी मान वळवली आणि विंगेत मला पाहिलं. साठ वर्षं प्लंबिंग आणि बास केलेल्या माणसाची ती नजर मला आजही आठवते. तीत विनवणी नव्हती. नळ गळतोय, पाना द्या, एवढंच होतं.

मी चार श्रवणयंत्रं खिशात सांभाळत रंगमंचावर गेलो. रिकामं कसं जायचं म्हणून गणपतीच्या मिरवणुकीत येतात तेवढ्या दोन उड्या मारल्या. दोन्ही हात धरून त्यांना उभं केलं. सभागृह दणाणलं. ते माझ्या कानात म्हणाले, "आता वाका." मी वाकलो. पाठ धरली, ती परतीच्या वाटेवर एलिझाबेथ शहर सहा मैलांवर येईपर्यंत सुटली नाही.

पुढे २०२४ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या दौऱ्याला निवृत्तांची संघटना असलेली एएआरपी प्रायोजक मिळाली. आम्हाला कुणी प्रायोजक मिळाला नाही. पण २०१९ च्या मोसमाचं करारपत्र मी डोळ्यांनी वाचलं आहे, चष्म्याशिवाय. त्यात जुन्या अटी तशाच होत्या. स्वच्छतागृह रंगमंचाजवळ, पायऱ्या चारच्या वर नकोत, खुर्च्यांना हात हवेत. खाली एक नवी ओळ टंकलेली होती. उजव्या विंगेत, शेवटचं गाणं संपेपर्यंत, एक माणूस उभा राहील आणि त्याच्या वाटेत वायरी नसाव्यात.