त्या शालीचं काय झालं?

"अगो, ऐकलंस का? तात्यांच्या धाकट्याने ती शाल गुरख्याला देऊन टाकली!"

काकूंनी आंब्याच्या साठांचं ताट गडग्यावर ठेवलं. आमचा गडगा जांभ्याचा, कमरेएवढाच. अलीकडे आम्ही, पलीकडे काकू. काकू नुसत्या टेकून बोलल्या तर बातमी साधी. हातातलं ताट खाली ठेवलं तर बातमी मोठी. मीही केरसुणी बाजूला टाकली.

"कुठली शाल?"

"कुठली म्हणजे? देवळातल्या सत्यनारायणाला गावाने दिली ती! शाल, श्रीफळ आणि वर अर्धा तास भाषण. 'पुण्याची नोकरी सोडून घरच्या मातीत परतलेला तरुण.' मी स्वतः टाळ्या वाजवल्या गो. हात दुखले."

टाळ्या मीही वाजवल्या होत्या. तात्यांचे गुडघे गेले, कलमं दोनशे, थोरला परदेशात. धाकटा अकरा वर्षं हिंजवडीला संगणकापुढे बसून गेल्या दसऱ्याला बायको, लॅपटॉप आणि चार कुंड्या घेऊन परत आला. दोनशे कलमांच्या बागेत कुंड्या कशाला, यावर गावात महिनाभर चर्चा झाली.

"सुरुवातीला कसा होता आठवतंय?" काकूंनी पदर खोचला. "कामाची वेळ सकाळी 9 ते संध्याकाळी 6, असा कागद चिकटवला होता गुरख्याच्या खोलीच्या दाराला. गुरखा म्हणाला, ठीक है. आणि दुसऱ्या दिवशी साडेपाचला झाडावर!"

हे मात्र खरं. आंबा काढायचा तो सकाळी, ऊन चढायच्या आत, नाहीतर चार वाजल्यानंतर. हा 9 वाजता टोपी घालून बागेत पोचायचा, तेव्हा निम्मी तोडणी आटपून गुरखा नवरा-बायको सावलीत आंबे निवडत बसलेली. आठवड्याने दारावरचा कागद निघाला. तो कुणी काढला ते कुणीच विचारलं नाही.

"आणि ते तोंड?" काकू खुसखुसल्या.

तोंडाची गोष्ट माझ्या डोळ्यांदेखतची. एकदा म्हणाला, मला घळ द्या, मी काढतो. लांब काठी, टोकाला पातं आणि जाळी. बघायला सोपं. पात्यात देठ धरून अलगद ओढायचा, म्हणजे आंबा दोन बोटं देठासकट जाळीत उतरतो. ह्याने विहिरीतून घागर ओढावी तसा हिसका दिला. देठ मुळाशी तुटला आणि चिकाची पिचकारी सरळ डोळ्याखाली. हापूसचा चीक म्हणजे अंगावर निखारा. आंब्यावर पडला तर साल करपते आणि पेटीत भाव पडतो, माणसावर पडला तर आठ दिवस काळा डाग. गुरख्याच्या बायकोने धावत पाणी आणलं, खोबरेल लावलं. हसली मात्र नाही. हसलो आम्ही, गडग्याअलीकडे.

"तेव्हापासून शिष्यच झाला त्याचा," काकू म्हणाल्या. "मालकाने मालकासारखं राहावं की नाही? हा त्यांच्याबरोबर पेट्या उचलतो, त्यांच्याच चुलीवरची भाजी खातो. तात्यांनी चौदा वर्षांत त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं."

"पण काकू, शिकला ना तो? चौदा आणे आंबा ओळखता येतो आता त्याला."

एकदा बादलीत पाणी घेऊन बसला होता. तयार आंबा बुडतो, कोवळा तरंगतो, हे वाचून आलेला. दहा आंबे काढले. गुरख्याने पाण्यात न टाकताच एक बाजूला केला: याचे खांदे वर आलेले नाहीत, देठाशी खळगा नाही. दहाही टाकले. नऊ तळाला गेले, तो एक वर. त्या दिवसापासून बादली गुरांना.

"भांडणंही झाली हो," काकूंनी तोल सांभाळला. "फवारणी कमी करू म्हणाला हा. मोहरावर तुडतुडा बसला तेव्हा डोळे उघडले. आणि ऐन एप्रिलात वरच्या वाडीतले दोघे गुरख्याला फोडायला आले, जास्त पगार देतो म्हणून. गेला नाही तो. पण म्हणून काय शाल द्यायची? बरं, तिकडे हिमालयात थंडी असेल, असं म्हणावं तर..."

"थंडी कुठली? नेपाळातल्या कंचनपूरचा तो. तिथे तराई आहे, आपल्याहून उकाडा. मी विचारलं परवा."

"मग?"

मग मी मला माहीत होतं ते सांगितलं. धाकटा हिशेबासाठी तात्यांच्या जुन्या वह्या काढून बसला होता. उचल किती, शिधा किती, बाईला रोज किती. तात्यांचं अक्षर मुंगीसारखं. दर वर्षी मे अखेर गुरख्याची एक ओळ: 'बहादूर गेला.' दर वर्षी दसऱ्याच्या पुढेमागे दुसरी: 'बहादूर आला.' चौदा वेळा गेला, चौदा वेळा आला. कुठे गेला, कशाला गेला, एकाही वहीत नाही.

"कशाला म्हणजे? घरी!"

"लावणीला, काकू. असारात, म्हणजे आपल्या जूनच्या अखेरीला, तिकडे भाताची लावणी. असारच्या पंधराव्या दिवशी दही-चिउरा खातात, दही-पोहे. दीड बिघा शेत आहे, म्हातारा बाप आहे. रत्नागिरीला रेल्वेत बसायचं, दिल्ली, तिथून बस, बनबसाला सीमा ओलांडायची."

"पासपोर्ट?"

"लागत नाही. 1950 सालचा करार आहे दोन देशांचा."

काकू गप्प झाल्या. मी पुढे म्हटलं, "धाकटा म्हणाला, मी एकदा घरच्या शेतीवर आलो तर गावाने शाल दिली. हा चौदा वेळा त्याच्या शेतीवर गेलाय. आपल्या पेटीवर गावाचं नाव आहे, 2018 ला मिळालेल्या मानांकनाचा शिक्का आहे. त्याच्या गावाचं नाव मी आत्ता विचारलं."

काकू साठं उलटायला लागल्या. एक, दोन, तीन. मग उलटलेलीच पुन्हा उलटली.

"आमचे मामंजी परळला गिरणीत होते," काकू ताटाकडे बघत म्हणाल्या. "एका खोलीत पंधरा जण, जेवायला खानावळ. लावणीला रजा मिळाली नाही तर खाडा करून यायचे. आठ दिवस चिखलात, की परत. सासूबाई वाटेकडे डोळे लावून बसायच्या. तिथल्या मुकादमाला त्यांच्या गावाचं नाव माहीत असेल का गो?"

मी काय सांगणार?

"म्हणजे आपलं हे गाव त्याची मुंबई झाली म्हण की." काकूंना स्वतःलाच हसू आलं. "दिवसाला दोन एसट्या येतात, आणि मुंबई म्हणे!"

पलीकडच्या बागेतून ताडपत्री गुंडाळल्याचा आवाज येत होता. आभाळ दक्षिणेकडून भरलं होतं.

"निघतोय कधी?"

"शनिवारी. मिरगाच्या आधी पोचायला हवं म्हणतो."

काकूंनी ताटातलं एक साठ उचललं, वास घेतला आणि परत ठेवलं.

"हे नको. रायवळाचं आहे, आंबट." आणि घराकडे तोंड करून सुनेला हाक मारली, "अगो, हापूसची साठं दे बघू दोन, वरच्या डब्यातली. आणि थोडी आमसुलं. चाकरमानी निघालाय. रिकाम्या हाताने पाठवायचा काय?"