दरजा भरून दिल्याबद्दल

श्री. रा. रा. ठेकेदारसाहेब यांसी, बाळीवेसेतल्या दगडी घरातून सा. न. वि. वि.

पत्रात तुमचं नाव घालत नाही. कसब्यापासून बाळीवेसेपर्यंत तुमच्या हातची इतकी घरं आहेत की नाव घातलं तर बाकीच्यांना वाटेल, चला, आपला ठेकेदार वेगळा होता. त्यांनाही या पत्रात आपापला ठेकेदार दिसावा अशी इच्छा आहे.

मी तुम्हाला आठवणार नाही. १९९४च्या उन्हाळ्यात तुम्ही आमच्या ओसरीवर बसून वडिलांना म्हणालात, "दादा, दगड म्हणजे मरण." तेव्हा तुम्हाला चहा आणून देणारा बँकेतला कारकून तो मी. आता निवृत्त झालोय. गेली दोन वर्षं तुम्ही पंचेचाळीस दिवसांत केलेलं काम माझ्या हातांनी उपसतोय. तुमच्या मेहनतीचं मोल इतकं जवळून बघायचं भाग्य दुसऱ्या कुठल्या गिऱ्हाइकाला लाभलं नसेल, म्हणून म्हटलं आभार तरी मानावेत.

आधी तुमच्या मुहूर्ताचं कौतुक. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट, आदल्या दिवशीचं गणपती विसर्जन आटोपून लोक झोपलेले, आणि किल्लारीला जमीन हलली. लातूर-उस्मानाबादची गावंच्या गावं दगडमातीच्या ढिगाखाली गेली, हजारो माणसं गेली. इथे आमच्या फडताळातली भांडी वाजली, तर आजीने आठ रात्री सगळ्यांना अंगणात झोपवलं. अशा वेळी माणसाला दगडाची भीती वाटणारच. ती भीती ताजी असताना तुम्ही टेप घेऊन आलात. पावसाळ्याआधी छत्री विकायला यावं तसे.

दगड म्हणजे मरण, हे तुमचं वाक्य अर्धं खरं होतं. किल्लारीकडच्या भिंती दोन-तीन फूट जाड असल्या तरी मुळात त्या दोन भिंती होत्या. आतलं अंग वेगळं, बाहेरचं वेगळं, मधे माती आणि चिपा. दोन्ही अंगांना धरून ठेवणारा आरपार दगड फारसा कुणी घातला नव्हता. वर माळवद. पाणी पाझरू नये म्हणून दर उन्हाळ्यात पांढऱ्या मातीचा नवा थर, जुना न काढता, असं करत करत ते दीड-दोन फूट चढलेलं. धक्का बसला तशी दोन्ही अंगं फुगून सुटली आणि हा सगळा भार खाली आला. तेव्हा आमचं माळवद तुम्ही उतरवलंत ते बरंच केलंत, हे मी चारचौघांत कबूल करतो. पण तशाच सुट्या अंगांच्या आमच्या भिंतीवर, तिला कुठेही न बांधता, तुम्ही पाच इंची स्लॅब ठेवलीत आणि वडिलांना म्हणालात, "आता भूकंप येऊ द्या." नशीब, आला नाही. तुमचं का आमचं ते ठरवता येत नाही.

जुनी घरं बळकट कशी करायची ते सांगणारी भारतीय मानक ब्यूरोची १३९३५ क्रमांकाची संहिता त्याच १९९३ सालची. तुम्ही वाचली नसेल, मीही निवृत्त होईपर्यंत वाचली नव्हती. त्यात सांगितलेला उपाय कुणालाही जमेल असा आहे. साधारण मीटरभर अंतरावर एकेक दगड काढायचा, भिंतीत आरपार भोक करायचं, त्यात दोन्ही टोकांना आकडे असलेली सळई घालून काँक्रीट ठासायचं. एका इंजिनिअर मित्राने खुणा करून दिल्या, अशी चौसष्ट भोकं मी पाडली. पहिल्याला तीन दिवस लागले. बत्तिसाव्यानंतर हातोडा कुठे मारायचा ते कानाला कळायला लागलं. होय, तिथे सिमेंटच वापरलं. माझं भांडण सिमेंटशी नाही, तुमच्याशी आहे.

आता दरजांकडे वळतो, कारण तुमची खरी कला तिथे आहे.

पणजोबांच्या काळ्या दगडाच्या भिंतीतल्या चुन्याच्या दरजा तुम्ही उकरल्यात आणि सिमेंटने भरल्यात. नुसत्या भरल्या असत्यात तर एक वेळ चाललं असतं. तुम्ही प्रत्येक दरजेवर बोटभर जाडीची उठावदार पट्टी ओढलीत आणि तिला काळा ऑइलपेंट दिलात. भिंत कासवाच्या पाठीसारखी दिसायला लागली. वडील रोज संध्याकाळी रस्ता ओलांडून पलीकडे उभे राहायचे आणि घराकडे बघून परत यायचे. तेवढ्या आनंदासाठी मी तुम्हाला बरंच माफ केलं असतं.

पण साहेब, आपला काळा बसाल्ट पाणी जवळजवळ पीतच नाही. जमिनीतून वर चढलेलं, पावसात भिंतीत शिरलेलं पाणी वाळून बाहेर जातं ते दरजेतून. चुना मऊ असतो, सच्छिद्र असतो, पाण्याला वाट देतो आणि त्या पायी स्वतः झिजतो. झिजला की माणसाने नवा भरायचा. दगडाला धक्का लागत नाही. घराची ही नाकपुडी तुम्ही बुजवलीत. मग आतून सिमेंटचा गिलावा केलात, म्हणजे तोंडही बांधलंत. आणि गिलाव्यावर चार फूट उंचीचा पिस्ता रंगाचा ऑइलपेंट, "पुसता येतो" म्हणून.

पहिल्या वर्षी ओल गुडघ्याएवढी होती. २००० साली कमरेला आली. मुलगी दहावीला गेली तेव्हा दोघींची उंची सारखी भरली. मुलगी पुढे पुण्याला गेली, ओल आईवडिलांपाशी राहिली. ऑइलपेंटला फुगे यायचे. नखाने टोचलं की पापुद्रा सुटायचा आणि मागे लोणा, पिठीसाखरेसारखा पांढरा. एकदा बोटावर घेऊन चाखला. खारट. (हे आमच्या घरी सांगू नका.) पाणी क्षार घेऊन वर चढतं, वाट मिळेना की गिलाव्यामागेच वाळतं, क्षाराचे खडे बनतात आणि ते गिलावा आतून ढकलतात, हे सगळं नंतर वाचलं. तेव्हा आम्ही तुम्हालाच बोलावलं होतं. तुम्ही भिंतीवर टिचकी मारलीत, डोळे मिटून ऐकलंत, नाडीपरीक्षा केल्यासारखं. म्हणालात, "जुनी घरं अशीच." आणि वरून वॉटरप्रूफ रंगाचा एक हात मारून गेलात.

गिलावा उतरवायला मी एकटा पुरा पडलो नसतो. एक गवंडीमामा मिळाले, पंचाहत्तरीचे, अक्कलकोटकडचे. मजुरीपेक्षा मला शिकवण्यात त्यांना जास्त रस. माझ्या प्रत्येक घाईवर त्यांचं एकच, "निधान, निधान." कानडीत निधान म्हणजे सावकाश. आपल्या मराठीत निधान म्हणजे ठेवा. दोन्ही अर्थ त्या भिंतीत निघाले, ते पुढे सांगतो.

चुनकळी विरवणं हे काय प्रकरण आहे ते तुम्ही विसरला असाल, म्हणून सांगतो. पिंपात आधी पाणी, मग त्यात चुनकळी. उलटं केलं तर चुना उसळून डोळ्यांत जातो, चष्मा हवाच. कळी पाण्यात पडली की क्षणभर काही होत नाही. मग चुर्रर, मग खदखद, खाली जाळ नाही आणि पिंपाला हात लावता येत नाही. तो चुना गाळून पाण्याखाली तीन आठवडे मुरवला. मामांनी बोटाने उचलून दाखवला तेव्हा पाटावरच्या लोण्यासारखा बसून होता. त्यात वाळू, थोडी विटांची सुर्खी. दरज जितकी रुंद त्याच्या दुप्पट खोल उकरायची, भुकटी ब्रशने झाडायची, पाणी मारायचं, मग पातळ पट्टीने चुना आत दाबायचा, आणि दगडाच्या कडेपेक्षा किंचित आत थांबायचं. हे किंचित आत थांबणं तुम्हाला जमलं नसतं.

पहिला प्रयत्न मी मे महिन्यात केला. सोलापूरचा मे, बेचाळीस डिग्री. सकाळी भरलेल्या दरजा संध्याकाळी बोटाने चुरल्या. चुना हवेतून घट्ट होतो, पण त्याला ओल धरून ठेवावी लागते. मग पावसाळ्यापर्यंत थांबलो आणि भिंतीवर ओली गोणपाटं टांगली. आमच्याकडे नळाला किती दिवसांआड पाणी येतं ते तुम्हाला ठाऊक आहे. बायको म्हणाली, "भिंतीला दोन वेळा आंघोळ, आणि माणसांनी पंचा ओला करून अंग पुसायचं." तो सगळा श्रावण मी त्या भिंतीचा नवरा म्हणून ओळखला गेलो.

ठेकेदारसाहेब, स्लॅबवरचं पाणी कुठे जातं हा प्रश्न तुम्हाला कधी पडला होता का? माळवदाला पन्हाळी होत्या, पाणी धो धो रस्त्यावर पडायचं. तुम्ही पाइप टाकलात, आणि तो दिसू नये म्हणून भिंतीत घेतलात. सुंदर. मागच्या भिंतीचा गिलावा फोडला तेव्हा तो सापडला. वरून येतो, जमिनीपासून चार फुटांवर संपतो. खाली तुकडा नाही, वळण नाही, काही नाही. पाइप कमी पडला की जेवणाची सुट्टी झाली? तीस पावसाळ्यांचं पाणी आम्ही भिंतीच्या पोटात साठवलं, आणि डॉक्टर मात्र घरातल्या दम्याला हवामान कारण सांगत राहिले.

मागे तुम्ही जोडलेल्या मोरी-स्वयंपाकघराबद्दल थोडक्यात लिहितो, कारण ते आता उरलेलं नाही. जुनं घर मुरमावर उभं, तुमच्या नव्या बांधकामाचा पाया काळ्या मातीत दोनच फूट खोल. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, हे सोलापुरात शेळी वळणाऱ्या पोरालाही कळतं. जोडावरची भेग मे महिन्यात उघडायची आणि ऑगस्टमध्ये मिटायची. मी त्यावर काचेची पट्टी चिकटवून ठेवली, ती पहिल्याच उन्हाळ्यात तडकली. तुम्ही दर दिवाळीला पांढरं सिमेंट भरून द्यायचात, फराळाला यायचात. आता पाच फूट खोल जाऊन मुरूम लागेपर्यंत खणलं, नवी खोली जुन्या भिंतीला न चिकटवता बोटभर फट सोडून उभी केली. दोघी आपापल्या जागी हलतात, भांडण नाही. घरातल्या माणसांनाही हे आधी सुचायला हवं होतं.

आणि शहाबादी फरशा. मोझॅक बसवताना तुम्ही त्या काढल्यात, म्हणालात, फुटल्या, फेकल्या. परवा तुमच्या बंगल्यावरून गेलो. मागच्या अंगणात तुळशीभोवती चांगल्या दिसतात. एका फरशीवर आमच्या बालपणीचा सागरगोट्यांचा चौकोन कोरलेला आहे, म्हणून ओळखल्या. दर्शनी भिंतही पाहिली. दगडासारख्या दिसणाऱ्या टाइल्स लावल्यात. मधे दरजांच्या रेघासुद्धा ओढल्यात, किंचित आत.

आता ते निधान.

माजघरात आजीच्या हाताच्या उंचीला एक देवळी होती. तिचं पान-सुपारीचं सामान तिथे असायचं. "भिंत सरळ करून देतो" म्हणून तुम्ही ती बुजवलीत. आत काय आहे ते न बघता अर्ध्या विटा रचल्यात आणि गिलावा मारलात. त्याच आठवड्यात आजीचा पितळी अडकित्ता हरवला, मोराच्या तोंडाचा, तिच्या आईकडून आलेला. आजीने शोधाशोध दोन दिवस केली आणि तिसऱ्या दिवशी निकाल दिला, धाकटीने माहेरी नेला. धाकटी म्हणजे माझी काकू. दोघी एका घरात नऊ वर्षं राहिल्या. आजी तिच्या हातचं जेवायची, पण तिच्याशी बोलायची नाही, आणि गेली ती तशीच गेली. काकूने नंतर काकांच्या मागे लागून वेगळं बिऱ्हाड केलं. लोक म्हणाले, वाटणीवरून झालं असेल.

गेल्या कार्तिकात मामांनी छिन्नी लावली आणि पोकळ आवाज आला. विटा निघाल्या. आत विडीचं थोटूक, बहुधा तुमच्या माणसाचं, एक वाळलेली सुपारी आणि अडकित्ता. हिरवा पडलेला, पण अख्खा.

मी तो चिंचेने घासला आणि काकूकडे घेऊन गेलो. ती आता पंचाहत्तरीला आली आहे. तिने चष्मा लावला, मोर उलटापालटा करून पाहिला, दोन वेळा उघडमीट केली. म्हणाली, "धार आहे अजून." मग बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, "काम कोणाचं होतं म्हणालास?"

तुमचं नाव मी या पत्रात घातलेलं नाही, ठेकेदारसाहेब. काकूला मात्र सांगितलं. पत्ताही दिला. गुडघे दुखतात तिचे, पण रिक्षाने येते म्हणाली.

अडकित्ता तिच्याकडेच आहे. कळावे, लोभ असावा.

आपला,
पंचेचाळीस दिवसांचं गिऱ्हाईक