पाच किलोमीटरवाले गृहस्थ

नवधावकाचा जन्म बहुधा पॅथॉलॉजी लॅबमध्ये होतो. वय चव्वेचाळीस, एचबीएवनसी ६.१, म्हणजे मधुमेह अजून आलेला नाही, पण रुमाल टाकून जागा धरून गेलाय. डॉक्टर सांगतात, "रोज अर्धा तास चालत जा." पण कोथरूडमध्ये सकाळचं चालणं हे खातं पेन्शनरांकडे आहे. तिथे शिरायचं म्हणजे उद्या माकडटोपी आणि परवा हास्यक्लब. हे टाळण्यासाठी गृहस्थ घरी येऊन जाहीर करतो, "डॉक्टरांनी पळायला सांगितलंय."

पळायला काही लागत नाही, दोन पाय असले की झालं, असं जो मित्र त्याला सांगतो तोच त्याला बुटांच्या दुकानात घेऊन जातो. तिथे ट्रेडमिलवर अर्धा मिनिट पळवून, मागून चित्रीकरण करून त्याला कळवण्यात येतं की त्याचं पाऊल आत कलतं. ज्या पावलांवर मुंज, इंजिनिअरिंग, लग्न आणि फ्लॅटचे हप्ते निभावले ती मुळात कलती होती, हे ऐकून माणूस हादरतो आणि बारा हजारांचे बूट घेतो. आई खोका बघून विचारते, "ती नाशिककडची मुलगी, सावरपाड्याची, ती तर अनवाणी पळायची ना रे?" आईला कविता राऊत म्हणायचं असतं. २०१०च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्यपदक आणणारी. यावर चिरंजीव शांतपणे सांगतात, "आई, तिचं पाऊल न्यूट्रल असणार."

मग वेळापत्रक. नवशिक्यांसाठीचं सगळ्यात गाजलेलं वेळापत्रक जॉश क्लार्क नावाच्या एका अमेरिकन तरुणाने १९९६ साली आपल्या आईला पळतं करायचं म्हणून आखलं. नऊ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस. पहिल्या आठवड्यात साठ सेकंद पळायचं, नव्वद सेकंद चालायचं, असं वीस मिनिटं. आपल्या गृहस्थाला हा अपमान वाटतो. "साठ सेकंद? अरे, मी शाळेच्या खो-खो टीममध्ये होतो!" त्यामुळे तो थेट पाचव्या आठवड्यात प्रवेश घेतो. म्हात्रे पुलाच्या तोंडाशी जोमात निघालेला हा माणूस पुलाच्या मध्यावर कठडा धरून मुठेचं पात्र न्याहाळत उभा असतो. मुठेत न्याहाळण्यासारखं काही उरलेलं नाही, हे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. पण पुणेकर अशा वेळी बोलत नाही, नुसतं बघतो. बोललेलं परवडलं असतं.

इथून पुढे दुखणं सुरू होतं, आणि खरं सांगायचं तर हाच या छंदाचा मुख्य भाग. पळणं आठवड्यातून दीड तास, दुखणं अहोरात्र. पहिल्या दिवशी काहीच दुखत नाही. त्या रात्री तो फार बोलतो. वसुली दुसऱ्या दिवशी सुरू होते आणि तिसऱ्या दिवशी व्याजासकट. सवय नसलेल्या कष्टाने स्नायूंच्या धाग्यांना बारीक इजा होते, आणि ती जास्त होते उतारावर, कारण तिथे मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेकही लावत असतो. एआरएआयच्या टेकडीचा चढ चढल्याची शाबासकी मिळते, भोग मात्र उतरण्याचे. ऑफिसात हा माणूस जिना उलटा उतरताना दिसतो, कठडा धरून, एकेक पायरी. पळणाऱ्यांच्या ग्रुपमधला जाणकार छातीठोकपणे सांगतो, "लॅक्टिक अ‍ॅसिड साठलंय." ते बिचारं पळणं थांबल्यावर तासाभरात निघूनही गेलेलं असतं. पण आपल्याकडे जाणकाराला कोणी खोडत नाही, आणि दुखण्याला रसायनशास्त्रातलं नाव मिळालं की दुखणाऱ्यालाही निम्मं बरं वाटतं.

मग दुखणं फिरतीवर निघतं. आधी पोटऱ्या, मग नडगी, मग टाच. नडगीचं कारण साधं आहे. दम महिन्याभरात वाढतो, हाडांना एवढी घाई जमत नाही; आणि याने तर दुसऱ्याच आठवड्यात अंतर दुप्पट केलेलं असतं. टाचेची तऱ्हा वेगळी. सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकलं की किंकाळी, आणि स्वयंपाकघरापर्यंत पोचता पोचता सगळं शांत. घरच्यांना हे चहा हातात मिळवण्याचं नाटक वाटतं. शेवटी गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला आयटी बँड. हा आजार फक्त आयटीवाल्यांना होतो, अशी त्याची पहिले दोन दिवस प्रामाणिक समजूत असते. फिजिओथेरपिस्ट, पंचविशीतली मुलगी, त्याला पालथं झोपवून चार ठिकाणी दाबते आणि म्हणते, "काका, तुमचे ग्लूट्स कामच करत नाहीयेत." वीस वर्षं खुर्चीवरचा सगळा भार ज्यांनी वाहिला तेच कामचुकार निघाले, हे त्याला पटत नाही. पण त्याहून खोल लागतं ते 'काका'.

आई रात्री निर्गुडीचा पाला शेकायला देते. त्यावर ट्यूबमधलं मलम, त्यावर क्रेप बँडेज. मुलगी नाक धरून म्हणते, "बाबा, तुझ्या खोलीला आजोबांच्या खोलीसारखा वास येतो."

असं दोन महिने सोसल्यावर त्याला कोणीतरी सांगतं की चूक पायांची नाही, वेगाची आहे. झोन टूमध्ये पळायला हवं. हिशेब असा: दोनशे वीसमधून वय वजा करायचं, राहिले एकशे शहात्तर, हा त्याच्या हृदयाचा ढोबळ कमाल वेग. त्याच्या साठ ते सत्तर टक्के म्हणजे झोन टू, म्हणजे ठोके एकशे सहा ते एकशे तेवीस. अडचण एवढीच की बुटाची नाडी बांधतानाच हाताची नाडी एकशे दहावर गेलेली असते. उरलेल्या तेरा ठोक्यांत पळायचं, तर पळणं जवळजवळ जागच्या जागी करावं लागतं. वेताळ टेकडीवर तो असा झोन सांभाळत निघालेला असताना मागून पंच्याहत्तरीचे एक आजोबा येतात. हातात काठी, आणि ती कुत्र्यांसाठी. चालायला त्यांना तिची गरज नाही. शेजारी येऊन ते काळजीने विचारतात, "काय हो, पाय मुरगळला का?"

"नाही आजोबा. पळतोय मी."

"हो का? बरं, बरं." आणि आजोबा पुढे निघून जातात.

घड्याळाबद्दल वेगळं लिहायला हवं. ते हातावर आल्यापासून पळणं ही शरीराची गोष्ट राहत नाही, हिशेबाची होते. ४.८७ किलोमीटरवर घर आलं तर तो वर जात नाही. उरलेले एकशे तीस मीटर पार्किंगमध्ये गाड्यांच्या मधून फेऱ्या मारून पुरे करतो. वॉचमनने सुरुवातीला "साहेब, काही हरवलंय का?" असं विचारलं होतं, आता तो मुकाट्याने सायकल बाजूला घेतो. पाच झाले की हात वर, बटण, आणि लिफ्ट. पाच किलोमीटर पळून आलेला माणूस पहिल्या मजल्यावर लिफ्टने का जातो, हा प्रश्न बायकोने एकदा विचारला. त्यावर रिकव्हरी या विषयावर इतकं सविस्तर व्याख्यान झालं की तिने पुन्हा काही विचारलं नाही. त्याचा सर्वांत वेगवान किलोमीटर आजही डीपी रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या नावे आहे. अ‍ॅपवर त्याने त्याला 'स्पीड वर्क' असं नाव दिलंय.

आता पहाटेचं. साडेपाचचा गजर, पाच पस्तीसचा गजर, पावणेसहाचा गजर. तिन्ही वाजतात आणि तिन्हींनी बायको उठते. उठायला सोपं जावं म्हणून पळायचे कपडे घालूनच झोपावं, असा एक सल्ला असतो. तो त्याने मनापासून पाळला. परिणाम एवढाच झाला की साडेसात वाजता उठल्यावर तो त्याच कपड्यांत मुलीला स्कूलबसपाशी सोडायला जातो, आणि तिथल्या पालकांनी "वा, आज किती?" विचारलं की "आज हलकंच ठेवलं," असं सांगतो. यात खोटं काय आहे? कारणांची तर ददात नाहीच. पावसात बूट भिजतात, थंडीत स्नायू आखडतात, उन्हाळ्यात सहालाच घाम फुटतो, आणि उरलेल्या दिवसांत घड्याळ चार्ज करायचं राहतं. न नोंदलेलं पळणं हे न पळण्यासारखंच, अशी त्याची निष्ठा. वेळापत्रकातला विश्रांतीचा दिवस मात्र त्याने आजतागायत एकदाही चुकवलेला नाही.

रविवारी लाँग रन. लाँग रनचं खरं प्रयोजन त्यानंतरची मिसळ. ढोबळ हिशेबाने दर किलोमीटरला दर किलो वजनामागे एक कॅलरी जळते. म्हणजे चौऱ्याऐंशी किलोंचा माणूस पाच किलोमीटर पळाला तर जवळपास चारशे वीस. या चारशे वीसच्या जोरावर मिसळ, जादा पाव, पुन्हा तर्री, दोन जिलब्या, आणि ताक, ताक इलेक्ट्रोलाइटसाठी. तीन महिन्यांत वजन एक किलोने वाढलं. "तो मसल आहे," असं तो ग्रुपवर लिहितो आणि बारा जण अंगठा दाखवतात. तरीही पुढच्या तपासणीत साखरेचा आकडा ५.८वर आला, हे नोंदवायला हवं. याचं श्रेय तो बुटांना देतो, आई निर्गुडीला देते, आणि रात्रीचा भात कोणी बंद केला हे बायको कोणाला सांगत बसत नाही. डॉक्टर म्हणाले, "छान. चालणं चालू ठेवा."

याच सुमारास माणूस किपचोगेपर्यंत पोचतो. केनियाच्या एलिऊड किपचोगेने ऑक्टोबर २०१९मध्ये व्हिएन्नात ४२.१९५ किलोमीटर एक तास एकोणसाठ मिनिटं चाळीस सेकंदांत पार केले. पुढे पळणारे साथीदार बदलत राहिले वगैरे कारणांनी ते विश्वविक्रमात धरलं गेलं नाही. आपला गृहस्थ या निर्णयावर ऑफिसच्या कँटीनमध्ये तावातावाने बोलतो, जणू विक्रम त्याचाच नाकारलाय. पण त्याने एक गोष्ट खरोखर केली. त्या वेगाने शंभर मीटर सतरा सेकंदांत होतात, हे गणित मांडून एका सकाळी शाळेच्या मैदानावर स्वतः पळून पाहिलं. एकवीस सेकंद लागले आणि नंतर बराच वेळ तो खाली बसून होता. किपचोगेने हे शंभर मीटर एकामागोमाग चारशे बावीस वेळा केले होते. त्या दिवसानंतर कँटीनमधला आवाज थोडा उतरला. या माणसात मला काही आवडत असेल तर ती ही सकाळ.

पहिली शर्यत दहा किलोमीटरची. त्याआधी पंधरा दिवस घरात पाहुणे असल्यासारखं वातावरण. २०१२पासून होणारी साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन, यवतेश्वरचा घाट, मुंबईच्या मॅरेथॉनमधली पेडर रोडची चढण, यांच्याबद्दल तो असं बोलतो की ऐकणाऱ्याला वाटावं, परवाच जाऊन आलाय. प्रत्यक्षात शर्यतीच्या आदल्या रात्री त्याला झोप नाही, आणि सकाळी सुटण्याआधी चारदा स्वच्छतागृहाच्या रांगेत. सहा किलोमीटरपर्यंत सगळं ठीक. सातव्याला पोटरीत गोळा. आठव्याला ढोलवाले भेटले, पण ते ढोल गुंडाळत होते. नववा किलोमीटर तो कसा आला हे अ‍ॅपलाही नीट सांगता येत नाही. शेवटच्या वळणावर त्याला फोटोग्राफर दिसला, आणि त्याच्यापासून कमानीपर्यंतचे पन्नास मीटर त्याने छाती काढून, हसत, खरोखर पळून काढले. एक तास एकतीस मिनिटं. केळी संपली होती, पदक मिळालं.

ते पदक रिक्षात गळ्यात होतं, मिसळीच्या टेबलावर होतं, आणि आता देवघराच्या शेजारच्या खिळ्याला आहे. फिनिशरचा टी-शर्ट मंडईत, बँकेत आणि सोसायटीच्या मीटिंगला दिसतो. पुढच्या वर्षी हाफ, असं ठरलंय. त्या फिजिओथेरपिस्ट मुलीला अजून सांगितलेलं नाही.

तर नदीपात्रातल्या रस्त्यावर किंवा टेकडीवर असा कोणी लालबुंद चेहऱ्याने, कोपरं बाहेर काढून समोरून येताना दिसला, तर त्याला वाट द्या. 'किती झालं?' असं विचारलंत तर चालेल, 'किती वेळात?' हे विचारू नका. आणि एखादा पत्ता मात्र जरूर विचारा. घड्याळ थांबवून, कमरेवर हात ठेवून, अगदी सविस्तर सांगेल.