गिरणगावातील अमेरिकन मोटार : निदान आणि खर्च

जुन्या अमेरिकन मोटारीचे मुंबईतील आजार वयोमानामुळे होतात, असा सार्वत्रिक समज असला, तरी बारकाईने पाहिल्यास त्यांतील बहुतेक आजार पत्त्यामुळे होतात असे आढळते. जी मोटार डेट्रॉइटच्या थंड हवेत, रुंद रस्ते आणि स्वस्त पेट्रोल गृहीत धरून आखली गेली, ती भर मे महिन्यात लालबागच्या सिग्नलला बेस्टच्या बसमागे अर्धा तास उभी राहूनही ठणठणीत असावी, ही अपेक्षाच मुळात अशास्त्रीय होय.

या मोटारीला परकी मात्र म्हणता येत नाही. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला, म्हणजे परळ-लालबागच्या वेशीवरच, जुळणी कारखाना काढला. जुळणी म्हणजे परदेशातून पेट्यांत भरून आलेले सुटे भाग येथे जोडून गाडी उभी करणे. पुढे सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याला १९४७ पासून क्रायस्लर घराण्यातील डॉज, प्लायमाउथ आणि डिसोटो या गाड्या बाहेर काढायला सुरुवात केली. नुसती जुळणी पुरे, उत्पादन करा नाहीतर गाशा गुंडाळा, असे सरकारी धोरण ठरल्यावर जनरल मोटर्सने १९५४ मध्ये दुसरा पर्याय पत्करला, आणि शेवरोलेचे मालक सुट्या भागांच्या बाबतीत जे पोरके झाले ते आजतागायत.

आजारांत अग्रपूजेचा मान ‘गाडी तापणे’ या विकाराचा आहे. रेडिएटरमागचा पंखा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरत असल्यामुळे इंजिन जोरात तर पंखा जोरात आणि इंजिन मंद तर पंखाही मंद, असा हिशेब असतो. परिणामी वाहतूक कोंडीत, जेव्हा वाऱ्याची सर्वाधिक निकड असते, नेमका तेव्हाच तो पंखा सरकारी कचेरीतल्या पंख्याच्या चालीने फिरतो. १९३२ मध्ये आलेल्या फोर्डच्या व्ही-८ इंजिनात तर जळालेल्या वायूंना बाहेर पडण्याची वाट इंजिनाच्या पोटातूनच, थंड ठेवायच्या पाण्याला खेटून, काढलेली होती. या तापातून दुसरा विकार उद्भवतो. टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप इंजिनालाच चिकटलेला असल्याने नळीतील पेट्रोलची वाफ होते, वाफ ओढून पंपाच्या हाती काही लागत नाही, आणि गाडी दादर टीटीच्या चौकात गपकन बंद पडते. यावरचा मान्यताप्राप्त उपचार म्हणजे पंपावर ओले फडके ठेवून वाट पाहणे. बॉनेट उघडताच भोवती जो समुदाय जमतो, त्यातील एक जण “काका, कॉइल गेली” असे निदान करतो, दुसरा “प्लग काढून पुसा” असे सुचवतो, तिसरा “सेल्फ मारू नका, बॅटरी उतरेल” म्हणून धाक घालतो. फडके ठेवा असे मात्र कोणीही सांगत नाही, कारण त्यात ज्ञान दाखवण्यास वाव नसतो.

पावसाळ्यात या विकारांना उतार पडतो आणि दुसरे सुरू होतात. त्या काळच्या अनेक अमेरिकन गाड्यांचे वायपर विजेवर न चालता इंजिनातील निर्वातावर, म्हणजे इंजिन हवा आत ओढताना निर्माण होणाऱ्या ओढीवर, चालत; ॲक्सिलरेटर दाबला की ही ओढ घटते. त्यामुळे परळचा उड्डाणपूल चढताना, समोरचे दिसणे अत्यावश्यक असताना, वायपर काचेवर मध्येच थबकतो, आणि सिग्नलला गाडी उभी राहून पाहण्यासारखे काही उरले नाही की उत्साहाने सपासप फिरू लागतो. पुढे हिंदमाता लागते. तेथे तुंबलेले पाणी ड्रम ब्रेकमध्ये, म्हणजे चाकातील ज्या डब्यात लायनर आतून घासून गाडी थांबते त्या डब्यात, शिरले की पेडल दाबूनही गाडी आपल्या सवडीने थांबते. शिवाय चारही चाकांचे ब्रेक एकाच तेलाच्या वाहिनीवर असल्यामुळे एका ठिकाणी गळती लागली तरी चारही एकदम जातात; अशा वेळी हँडब्रेक आणि कुलदैवत एवढेच हाताशी राहते.

विजेची व्यवस्था १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ६ व्होल्टची असे आणि आज दुकानात सर्व काही १२ व्होल्टचे मिळते, एवढे सांगितले म्हणजे त्या प्रकरणातील दुःखाची कल्पना यावी.

दुरुस्तीचा खरा पेच मात्र नटात असतो. अमेरिकन नट इंचात मोजलेला, तर मिस्त्रीच्या पेटीतले पाने मिलिमीटरचे. अर्ध्या इंचाचा नट १२.७ मिलिमीटर भरतो. त्यावर १२ चा पाना बसत नाही आणि १३ चा बसतो, पण किंचित हलतो. गंजलेल्या नटावर तो जोर लावून फिरवला की पाना फिरतो, नट जागेवर राहतो आणि त्याच्या सहाही धारा गोल होतात. मग छिन्नी येते, छिन्नीनंतर गॅस कटर येतो, आणि दहा मिनिटांचे काम लेथवाल्याकडे जाऊन तेथे रांगेत बसते. सुटा भाग हवा असल्यास ऑपेरा हाऊसच्या दुकानांत विचारावे, तेथून चोरबाजारात जावे, तेथेही न मिळाल्यास न्यू जर्सीच्या भाच्याला फोन करावा; बिचारा दिवाळीला येताना बॅगेत आईसाठी जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि मामासाठी वॉटर पंप घेऊन येतो. या सर्वाला कंटाळून अनेक मालकांनी एकेकाळी मूळ इंजिन उतरवून डिझेलचे बसवले. शुद्धतावाद्यांना हा धर्मभ्रष्टपणा वाटतो. प्रस्तुत लेखाच्या मते तो संसारी माणसाचा शहाणपणा होता.

खर्चाचा ताळेबंद पेट्रोलपासून मांडावा लागतो. लिटरला सहा किलोमीटर हा आकडा मालक अभिमानाने सांगतो. शंभरी ओलांडलेल्या दराने ६० लिटरची टाकी भरली की सहा हजारांहून अधिक रुपये जातात, आणि त्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या आणि पंपातील पडदा फुगवून चिरते, म्हणजे डेट्रॉइटच्या यंत्राची पचनशक्ती अखेर सांगली-कोल्हापूरच्या उसाने बिघडवली. जागेचा प्रश्न त्याहून बिकट आहे. १९५७ ची शेवरोले बेल एअर लांबीला सुमारे ५.०८ मीटर आणि रुंदीला १.८८ मीटर भरते, म्हणजे सुमारे १०३ चौरस फूट; बीडीडी चाळीतील खोली १६० चौरस फुटांची, आणि तीत आख्खे कुटुंब राहत आले. खोताच्या वाडीत अशी गाडी वळवणे हा भूमितीचा विषय आहे.

याच दादर-परळचे, गिरणी कामगाराचे चिरंजीव, चित्रपट अभिनेते भगवानदादा यांच्याकडे ‘अलबेला’च्या (१९५१) यशानंतर आठवड्याच्या प्रत्येक वाराला एक अशा सात मोटारी होत्या, असे सांगतात. याला चैन म्हटले जाते. परंतु जुन्या मोटारींचा स्वभाव पाहता सहा गॅरेजमध्ये आणि एक रस्त्यावर हे प्रमाण यांत्रिकदृष्ट्या निर्दोष ठरते. पुढे चित्रपट पडत गेले, मोटारी गेल्या आणि दादा दादरच्या चाळीत परतले.

सरकारने २०२१ मध्ये नियम करून ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील गाड्यांना ‘व्हिंटेज’ दर्जा दिला. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, पुनर्नोंदणी ५,००० रुपये. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्याच कारणांसाठी तिला मुभा आहे. मालकांनी या नियमाविषयी कुरकुर करण्याचे कारण नाही, कारण पेट्रोल पंप आणि गॅरेज यांपलीकडे ती पूर्वीही फारशी जात नव्हती.

एवढे वाचूनही ज्यांना अशी मोटार घ्यायचीच असेल, त्यांनी ती जानेवारीत हॉर्निमन सर्कलच्या रॅलीत फुलांच्या माळा घालून उभी असताना पाहू नये. जुलैत, भरतीच्या दिवशी, हिंदमाताला पाहावी, आणि जाताना इंची पान्यांचा संच सोबत न्यावा.